मागून म्हणायची सवय

गुरुजी, आपल्या शाळेत आता कविता मोबाईलवर लावतात आणि मुलं त्याच्या मागून म्हणतात. आमच्या वेळी एक पोरगा पुढे उभा राहायचा, तो ओळ सांगायचा आणि आम्ही सगळे एका चालीत मागून. एकदा पुढच्यानं 'निळं आभाळ'चं 'नवं आभाळ' केलं, तर अख्खा वर्ग 'नवं आभाळ' म्हणाला. तुम्ही थांबवलंत. "चुकलंय हे कोणाला कळलं?" माझा एकट्याचा हात वर. "मग तू का नवं म्हणालास?" "सगळी म्हणत व्हती, गुरुजी." छडी टेबलावरच राहिली. तुम्ही चष्मा पुसत बसलात, आणि मग हळूच म्हणालात, "एकदा तरी पुढून म्हण रे." छडी बसली असती तर कधीच विसरलो असतो.

पुढे तुम्ही मास्तरकीचा फॉर्म आणून दिलात, त्यावर माझं नाव तुमच्याच अक्षरात. पण आळीतली सगळी पोरं रोह्याला कंपनीत लागत होती, मीही लागलो. फॉर्म कवितांच्या वहीत ठेवला, अजून तिथंच आहे. पहिल्या शिफ्टची बस आपलं गडब गाव सोडते, सगळे डोळे मिटतात, झोप नसली तरी मीही मिटतो. सगळ्यांनी युनियन बदलली, मीही बदलली. मत कुणाला द्यायचं ते आळी ठरवायची. आळीनं भात लावायचं सोडून पेणहून तांदळाची पोती आणायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या घरीही पोतं आलं.

खाडीचा बांध तुम्हाला आठवत असेल. पावसाआधी घरटी एक माणूस त्यावर चिखल चढवायला जायचा, तुम्हीसुद्धा धोतर खोचून यायचात. यंदा त्यासाठी देवळात बैठक झाली. पलीकडच्या गावानं बांध सोडलाय, इथं मोठा प्रकल्प येणार म्हणतात, मग आपण कशाला राबायचं? बांध सोडून द्यायचा, मान्य? शेत लावणारी एकच उरली होती, माझ्या चुलतभावाची विधवा. ती उठली. "खारं पानी आत आलं तर माझं शेत गेलं. मी एकटी किती चिखल घालू?"

"बस गो वयनी," मागून कुणीतरी म्हणालं, "तुज्या भातावर गाव जगतंय काय?" सगळे हसले. ती माझ्याकडे वळली. "भावजी, तुमी शिकलेले. तुमी तरी सांगा ह्यांना." पण सगळे 'मान्य' म्हणाले, त्यात मीही.

श्रावणातल्या उधाणाला बांध फुटला. दोन हात रुंदीची खांड संध्याकाळपर्यंत बैलगाडी जाईल एवढी झाली. तिचं लावलेलं भात मुळापासून काळं पडलं. त्या जमिनीत आता किती वर्षं काही उगवणार नाही, कोण जाणे. परवा ती खांब गावाला लेकीकडे राहायला गेली. मी ओट्यावर बसलो होतो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

हे पत्र त्या फॉर्मजवळच ठेवतो, तुम्ही गेल्यावर दुसरं कुठं पाठवणार? फक्त वर एक खोटं लिहिलंय, गुरुजी. ती बोलल्यावर सगळे 'मान्य' म्हणाले नव्हते. देऊळ गप्प झालं होतं. दोघातिघांनी माना खाली घातल्या होत्या, बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत होते. "मान्य," मी म्हणालो.

मग ते माझ्या मागून म्हणाले.