पाखडलेली चंद्राची माती

६ जाने.
प्रयोगशाळेतला ओव्हन बंदच. कॉलेजच्या लेखी आम्ही भूगर्भशास्त्रवाले म्हणजे दगड गोळा करणारे रिकामटेकडे, दुरुस्तीला कोण येतंय. शेवटी माझी विद्यार्थिनी सलमा, तिची माती घरी आणली, परातीत घालून गच्चीवर उन्हात ठेवली. माती म्हणजे करमाडकडचा काळा दगड. पोरीनं दिवाळीपासून खलात कुटून पीठ केलंय, मधेमधे खडे राहिलेत. एम.एस्सी.चा प्रकल्प, चंद्रावरच्या मातीची नक्कल. चंद्राचे काळे डाग आपल्या दगडासारख्याच लाव्ह्याचे. सिलिका, लोह वगैरे. टायटॅनियम तिकडं जास्त. पण त्या मातीला पाणी कधी शिवलेलं नाही, म्हणून हे वाळवणं.
आईनं विचारलं, हे काय गं? (गुडघ्याच्या उपचारासाठी माझ्याकडं आलीय.) म्हटलं, कॉलेजचं आहे. घाईत होते.

७ जाने.
आईनं माती पाखडली.
सगळी. दुखऱ्या गुडघ्यानं जिना चढून, दुपारभर सूप घेऊन. पीठ वाऱ्यावर सोडलं, खडे तेवढे परातीत ठेवले. मी आल्यावर कौतुकानं दाखवलं. "लई कोंडा व्हता गं. आता बघ कशी चोख झाली."
तो कोंडा म्हणजेच चंद्राची माती! खडे कुठंही मिळतात.
ओरडले. काय काय बोलले ते लिहवत नाही. शेवटचं तेवढं लिहिते: "तुला काय कळतं यातलं?"
शेजारच्या गच्चीवरच्या बाई पापड तसेच टाकून खाली गेल्या. आईनं सूप झटकून भिंतीला लावलं.

८ जाने.
सकाळी आई गावी, लासूर स्टेशनला भावाच्या घरी निघून गेली. भावाला परस्पर बोलावून घेतलं होतं, मला जिन्यात कळलं. "गुडघा बरा हाय आता." बरा नाहीये.
सलमाला सांगितलं. म्हणाली, "जाने दो मॅडम. माझ्या अम्मीनं तर धुऊन ठिवली असती." तिला हसू आलं. मला नाही.

१३ जाने.
सलमानं पुन्हा कुटायला घेतलंय. सेमिनार पुढच्या महिन्यात, जमेल की नाही कोण जाणे.
उस्मानपुऱ्यात तिच्या मामांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांनी ज्योतीवर चिमूटभर पूड वितळवून काच करून दिली. चंद्रावर उल्का आदळली की त्या उष्णतेनं कण असेच वितळतात, एकमेकांना चिकटतात. मामांना सगळं नीट समजावलं. चहा झाला, पुन्हा समजावलं. परत येताना रिक्षात डोक्यात आलं, परक्या माणसाला एवढं, आणि आईला एक वाक्य नाही? लाज वाटली.
फोन केला. भाऊ म्हणतो, शेतात गेलीय. या गुडघ्यानं?

१९ जाने.
लासूर. आई ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मीही बसले फोडायला. सांगितलं सगळं. तिथं हवा नाही, पाणी नाही. वरून लहानमोठे दगड पडत राहतात, कोट्यवधी वर्षं, आणि खालचा खडक कुटला जातो. सूर्याकडून बारीक कणांचा मारा होतो, त्यानं मातीतलं लोखंड सुटं होतं, इतकं बारीक की दिसत नाही. पण माती काळपट होत जाते. जितकी जुनी तितकी काळी.
"म्हंजी धूळ जागची हालतच नाय?"
"उडवायला वाराच नाही."
"आन् म्या उडीवली."
मग तिनं विचारलं, कुटली कुणी? सलमानं, म्हटलं. "पोरीचे हात सोलले आसतील." डोळे पुसले. मलाही राहवेना. चुकलं माझं, म्हणाले. गच्चीवरच म्हणायला हवं होतं.
"समजलं की मला समदं," माझ्याकडं न बघता म्हणाली. "आवघड नाय काई."
म्हटलं, चल ना आई घरी.
"बघू. येवढ्या शेंगा व्हऊ दे."
पोतं अजून अर्धंसुद्धा झालेलं नव्हतं.