हात फिरवून घेतलेला कॉम्प्युटर

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (या खेपेस खरोखरच घातला आणि उठताना कंबर धरली. चूकच तेवढी मोठी आहे.) तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतोस का? वहिनी होती तोवर हे विचारावं लागत नव्हतं. आता मीच विचारायचं, तर तेही तीन महिन्यांनी विचारतोय.

तीन महिने मी रविवारी कॉम्प्युटरवर तुझ्याबरोबर खेळायला आलो नाही आणि "इंटरनेट नीट चालत नाही" अशी थाप मारली. इंटरनेट झकास चालतं. चालत नाही तो आपला आगीच्या बंबाचा खेळ, कारण मी भलताच कॉम्प्युटर घेऊन बसलोय. तू चारदा बजावलं होतंस, "माझ्यासारखाच घे, खेळही चालेल आणि दुकानाची बिलंही होतील, उगाच शहाणपणा करू नकोस." पण शहाणपणा न करता राहीन तर तुझा धाकटा भाऊ कसला!

झालं असं, की जुना कॉम्प्युटर खेळताना मध्येच बंद पडायला लागला म्हणून नवा घ्यायला गेलो, तर दुकानात दोन मांडले होते. एक तुझ्यासारखा काळा, जाडजूड. शेजारी चंदेरी, दुसऱ्याच पद्धतीचा आणि दुप्पट किमतीचा. आता चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस वस्तू कशी पारखणार? डोळे मिटून हात फिरवला. काळ्याचा पोत गोणपाटाचा, चंदेरीचा साटीनचा. तरी विक्रेत्यानं विचारलं होतं, "काका, गेम वगैरे खेळता का?" पण मागे न्यायाधीशसाहेब उभे होते (त्यांचे कोट मीच शिवतो). साठीच्या माणसानं त्यांच्यादेखत काय सांगावं, की थोरला भाऊ बंब चालवतो आणि मी पाण्याचा पाइप धरतो? "छे छे, फक्त कामासाठी," म्हणालो आणि तिथेच घात झाला.

घरी आल्यावर कळलं, की आपला खेळ या कॉम्प्युटरसाठी बनवलेलाच नाही. मग जावईबापूंनी (कॉलेजात शिकवतात, म्हणून ऐकावं लागतं) तिसरीच वाट काढली. पेंग्विनच्या चित्राची एक फुकटची सिस्टीम असते म्हणे. ती त्यांनी माझ्या जुन्या, अडगळीतल्या कॉम्प्युटरवर चढवली. खेळ सुरू झाला! बंब दिसला, आग दिसली, पण त्या म्हाताऱ्या यंत्राला आता पाणी काही दाखवता येईना. आणि या खटाटोपात त्यावरची सगळ्या गिऱ्हाइकांची मापं पुसली गेली. आता एकेकाला बोलावून पुन्हा टेप लावतोय. सगळ्यांची पोटं सुटलीत आणि दोष माझ्या टेपला. न्यायाधीशसाहेब तर दोन इंच मान्यच करत नाहीत, पुरावा मागतात.

चंदेरी वाईट नाही रे. बिलं सुरेख निघतात. पण आपण दोघं एरवी बोलतो कुठे? फोनवर "बरा आहेस ना? बरा आहे," की संपलं. वहिनी गेल्याबद्दल तू पहिल्यांदा बोललास तेही खेळातल्या त्या शाळेची आग विझवताना, "पाणी डावीकडे मार, डावीकडे" असं ओरडता ओरडता. तो रविवारचा तास मी साटीनपायी घालवला. फार वाईट वाटतं, दादा.

तुझा,
धाकटा

ता. क. दुकानवाले पंधरा दिवसांत बदलून देत होते. अकराव्या दिवशी खोकं घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. तुझं बरोबर होतं हे कबूल करायला जीभ रेटेना.

आणखी ता. क. वहिनी ज्यावर पत्ते खेळायची तो काळा कॉम्प्युटर तू झाकून ठेवलायस ना? मागायला तोंड नाही, पण पत्र त्याचसाठी लिहिलंय. दिलास तर तिचं त्यातलं काहीही पुसणार नाही. जावईबापूंना जवळ फिरकूही देणार नाही.

शेवटचं. माझ्या जागी हल्ली तुझे दाताचे डॉक्टर पाइप धरतात, असं पुतणीकडून कळलं. चांगला धरतात का? खोटं सांगितलंस तरी चालेल.