भुताच्या खुर्चीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, टायरच्या दुकानावरील पूल हॉलची, म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारायच्या खेळाच्या हॉलची मालकीण, वयाने पिकलेली, गुडघ्यांनी दगा दिलेली, पण डोक्याने अजून शाबूत, असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी माझ्या मर्जीने करीत आहे आणि याआधी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. पुढचा मजकूर वाचून वकीलसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि "शुद्धीत" हा शब्द घालायला सांगितला. तर मी शुद्धीत आहे. डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगायचे ते सांगितले आहे, आणि तेही मी शुद्धीतच ऐकले.

कलम पहिले. माझी राहती जागा धाकट्या भावाला द्यावी. हॉल त्याला मिळणार नाही. तिथे गोदाम काढायचे त्याच्या मनात आहे, हे मला मी आजारी असताना कळले, उशाशी बसून त्याने विचारले, "हॉलचा जिना किती रुंद आहे गं?" भाऊ मायेचा आहे, फक्त त्याला धीर निघत नाही.

कलम दुसरे. हॉलमधला मोठा आरसा माझ्या जुन्या प्रतिस्पर्धी चष्मेवाल्या बाईंना द्यावा. त्यांनी गावभर केले की ही बाई स्पर्धेत वाघीण आणि घरच्या टेबलावर शेवटच्या बॉलला शेळी. ते खरे होते, म्हणून जास्त झोंबले. बाईंनी आरशासमोर वाकून फटका मारावा. मारता मारता त्या मान वर उचलतात, म्हणून त्यांचे लांबचे बॉल चुकतात. हे मी त्यांना मुद्दाम सांगितले नव्हते.

कलम तिसरे. हॉल, टेबल आणि माझ्या दोन्ही क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या दिवंगत ताईच्या मुलीला द्याव्यात. ताई गेल्यापासून ती माझ्याजवळ वाढली. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे तिच्या तोंडावर मला कधी बोलता आले नाही, म्हणून इथे लिहिते. तिने एवढे सांभाळावे: वाकण्याआधीच, क्यूने मारायचा पांढरा बॉल फटक्यानंतर कुठे थांबणार ते ठरवावे. क्यू मागे ओढल्यावर जरा थांबावे, घाई शिरते ती तिथेच. आणि बॉल टेबलाच्या कडेच्या भोकात, पॉकेटात, पडल्याचा आवाज येईपर्यंत अंग हलवू नये. "मावशी, अशाने झोप लागेल मला," असे ती म्हणते. लागली तर लागू दे, पण उठू नकोस.

कलम चौथे. भुताची खुर्ची. हा सगळा कागद खरे तर हिच्यासाठीच केला आहे.

एकट्याने सराव करताना आमच्या खेळात भुताशी खेळतात. फोडणी, म्हणजे मांडलेले बॉल फोडणारा पहिला फटका, आपण करायची, मग पांढरा बॉल हवा तिथे ठेवायचा आणि एकही न चुकता सगळे बॉल पॉकेटात घालून टेबल साफ करायचे. एकदा चुकलात की ती फ्रेम, म्हणजे तो डाव, भुताची, कारण भूत कधीच चुकत नाही असे धरलेले असते. आधी सात फ्रेम घेईल तो जिंकला. एकही चूक माफ नसते, त्यामुळे हात पक्का होतो. सगळीकडे एवढेच करतात. आमच्या ताईने मात्र भुतासाठी टेबलाशेजारी एक गादीची खुर्ची मांडली आणि खुर्चीच्या हातावर क्यूच्या टोकाला घासायचा खडू ठेवला. फ्रेम गेली की आम्ही बाकावर बसायचे, त्याची पाळी होऊ द्यायची. "त्याचा मान ठेवावा गं," असे ती म्हणायची. तो खडू एका कडेने झिजायचा. आम्ही ते उंदरांवर ढकलत होतो.

एका दुपारी ताई जिंकली. खाली टायरवाल्याचा पंप चालू होता. "जिंकले गं!" म्हणाली, हसली, आणि पाणी प्यायला त्या खुर्चीत बसली. मी ग्लास भरून आणला तेव्हा ती गेलेली होती.

त्यानंतर खुर्चीवरचा खडू कडेने झिजणे थांबले. मधोमध खोल खळगा पडू लागला. क्यू गरगर फिरवून खडूला भोक पाडायची खोड सबंध हॉलमध्ये एकट्या ताईला होती, आणि तिने त्यासाठी आमच्या आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मी घाबरले नाही. मला बरे वाटले, आणि मी रोज नवा खडू ठेवत गेले.

तेव्हापासून या टेबलावर मी भुताला हरवू शकले नाही. सातव्या फ्रेमचा शेवटचा बॉल दर वेळी पॉकेटाच्या तोंडाशी येऊन थांबतो. मी माझ्या मनगटाला दोष दिला, टेबलाचा उतार तपासून घेतला, कापड बदलले. मग गेल्या महिन्यात भाची खेळत होती आणि मी बाकावर होते. शेवटचा बॉल तिने सरळ, अगदी मापात मारला. त्याच वेळी खुर्चीच्या गादीवरचा दाबलेला खळगा हळूहळू भरून वर आला, कोणी उठल्यावर येतो तसा. बॉल पॉकेटाच्या तोंडाशी थांबला. मग थोडा पुढे सरकला, अर्धा आत लोंबला, आणि मोठ्या कष्टाने मागे आला.

इतकी वर्षे ताईच बॉल अडवत होती. भुताला जो हरवतो त्याला मरून त्या खुर्चीत भुताची जागा घ्यावी लागते, हे मला तेव्हा उमगले. मला तिने त्या खुर्चीपासून वाचवले आणि आता स्वतःच्या मुलीला वाचवते आहे. पण मुलगी फार चांगली खेळू लागली आहे आणि ताईचा जोर संपत आला आहे. 

मी टेबल मोडायला सुतार बोलावला. भाची टेबलावर आडवी पडली आणि सुतार चहा पिऊन परत गेला. शेवटी मी तिला सगळे खरे सांगितले. ती हसली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "म्हणजे जिंकले तर आई भेटेल, मावशी?"

मी नाही म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही. आता ती पूर्वीपेक्षा जास्त सराव करते.

म्हणून माझी व्यवस्था अशी. हा कागद सही होताच मी टेबलावर जाईन. सहा फ्रेम मी घेतेच, सातवीही घेईन. जिंकल्यावर खुर्चीत मी बसेन, म्हणजे ताईला तिथून उठता येईल. माझा जोर ताजा आहे आणि स्वभाव ताईइतका मऊ नाही. माझ्याकडून बॉल निसटणार नाही.

भाचीस: तुझी आई आता या खुर्चीत नसेल. मला भेटायला जिंकायचा विचार केलास, तर माझ्यापुढे एकही बॉल आत जाणार नाही, हे लक्षात ठेव. बाहेर, माणसांशी खेळताना, सगळे जिंक. तुझ्यावर माझा फार जीव आहे.

कलम पाचवे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मयत व्यक्तीला सूचना देता येत नाही." मी म्हणाले, "तुम्ही लिहून तर घ्या." ताई, आज माझा शेवटचा बॉल अडवू नकोस.

सही: हॉलची मालकीण
साक्षीदार: टायरवाले शेजारी
साक्षीदार: तपासणारे डॉक्टर
ठिकाण: हॉल, टेबलाजवळ
दिनांक: हिवाळ्यातला पहिला रविवार, दुपारी. भाची स्पर्धेसाठी बाहेरगावी आहे. बॉल मांडून झाले आहेत.