सहा पाय

मंगळवार, संध्याकाळ

गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाच्या सभेत काजूच्या बागेतल्या बायकांना मीच ऐटीत सांगितलं होतं, गोचिडीला आठ पाय असतात, सहा पायांच्या किड्याला घाबरू नका.

आज त्यांतलीच शेवंतीकाकी आली. हातावरून काढलेला ठिपक्याएवढा जीव तिने काडेपेटीतून आणला होता. "माज्या चेडवान मोबाईलात मोठां करून मोजल्यान, सर. सहाच पाय आसत. आंगार आणखीय आसत, पण भियालंय नाय."

भिंगातून पाहिलं. गोचिडीचं पिल्लू. पिल्लाला सहाच पाय असतात, हे मला माहीत होतं. सोपं करून सांगायच्या नादात गाळलं.

निदान तेव्हा तरी बोलायचं! मी काय म्हटलं? "बरं केलंत, काकी." ती निर्धास्त गेली. सहा पाय!

आता तिच्या घरी जायला हवं, आणि मी अजून स्वतःला वाचवणारं वाक्य शोधत बसलोय.