बंद पियानो

श्रूजबरी, ऑक्टोबर २००६, शनिवार

सिंफनी सुरेखच होती. पण डोक्यात बसलंय ते कॉन्सर्टआधीचं भाषण. हा जर्मन संगीतकार सिंफनी लिहायला बसला की बायकोचा पियानो बंद. भिंती पातळ होत्या म्हणे. आणि ती तर तेव्हा त्याच्याहून नावाजलेली! लोक कौतुकानं हसले. श्रीकांतही.

गाडीत म्हणाला, "किती समजूतदार बायको!"

"तिला कुणी विचारलं होतं?"

"यार, तू सगळंच पर्सनली घेतेस."

घेते. त्या बंद पियानोसमोर ती दिवसभर काय करत असेल? आणि मी? सोमवारपासून श्रीकांत घरून काम करणार, त्याला माझी लिहायची खोली हवीय. "कथा काय, किचनमध्येही लिहिता येतात," म्हणाला होता. मी हो म्हटलं होतं. का म्हटलं?

मागच्या सीटवरून सईनं विचारलं, "डिड शी एव्हर गेट मॅड, आई?"

"माहीत नाही गं," म्हटलं. मग श्रीकांतला म्हटलं, "खोली मी देणार नाही."

"आवाज चढवू नकोस, सई ऐकतेय."

मी आवाज चढवलाच नव्हता.