उज्वलाची धडधड आणि विद्यापीठाचं घड्याळ

अहमदपूर,
सोमवार, दुकान बंद केल्यावर

तीर्थस्वरूप सिद्धरामदाजी यांना मेहुणा रामलिंग याचा शरणू शरणार्थ.

पाकीट बघून घाबरू नका, इकडे सगळे जिवंत आहेत. तुमचा गुडघा आता कसा आहे? बसम्माअक्काची तब्येत, उदगीरचा उकाडा, दुकानातली गिऱ्हाइकी सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण एकेक विचारत बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल. खरं तर फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुमच्याआधी आतल्या खोलीतून अक्काच उत्तर देते. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर तुम्ही चष्मा सापडत नाही म्हणून मोबाइल तिच्याच हातात देता. तेव्हा कृपा करून चष्मा शोधा आणि हे एकट्यानं वाचा. मला असा धक्का बसलाय की आठ दिवसांपासून मोंढ्यात तुरीचा भाव काय फुटला हेही मी विचारलेलं नाही.

विद्यापीठांच्या संशोधनावर माझी किती श्रद्धा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पेपरात ‘संशोधकांना असे आढळले’ एवढं दिसलं की मी बाजारभाव सोडून ते आधी वाचतो, आणि दुपारी जेवताना उज्वलाला मोठ्यानं ऐकवतो. झाडांना तहान लागली की काय होतं, मासे काय लक्षात ठेवतात, माणसानं घास कसा चावावा, सगळं. नुसतं ऐकवत नाही, घरात लागूही करतो. मागच्या वर्षी उज्वलाला बीपी निघालं तेव्हा लोणचं मी बंद केलं, पापड मी बंद केले, संध्याकाळच्या मालिकासुद्धा मीच बंद केल्या (मालिकांनी बीपी वाढतं असं कुठंतरी वाचलं होतं, निदान वाढत असावं असं मला वाटलं होतं). तरी बीपी हलेना. दवाखान्यात मोजलं की बरं, घरी मोजलं की चढलेलं. मी दुकानदाराशी भांडून घरचं यंत्र बदलून आणलं. नव्या यंत्रानंही तेच सांगितलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला गोळी वाढवावी लागेल.

अशात तुमची लेक आणि माझी लाडकी भाची शिवानी नांदेडहून आली. पीएच.डी.साठी तिला लग्नाला बरीच वर्षं झालेली जोडपी हवी होती. दोघांच्या मनगटावर एकेक घड्याळ बांधायचं, त्यात दिवसभराचे काळजाचे ठोके नोंदले जातात, आणि संध्याकाळी ती फोन करून विचारणार, अमक्या वेळेला तुम्ही काय करत होता? नांदेडात म्हणे जोडपी तयार होईनात. मी म्हटलं, मामा जिवंत असताना तू दारोदार का फिरतेस? आपले ठोके उद्या इंग्रजीत छापून येतील, या आनंदात मी घड्याळ झोपतानासुद्धा काढलं नाही.

पहिला धक्का माझाच होता, पण तो किरकोळ. मोंढ्यात लिलावाच्या आरडाओरड्यात माझे ठोके अगदी शांत, आणि सकाळी इष्टलिंग हातावर घेऊन पूजेला बसलो की पळत सुटलेले. पूजेत माझं मन कुठं असतं हे महादेवाला आधीच ठाऊक असणार, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही. दुसरं म्हणजे उज्वलाची रेघ शिवानीनं लॅपटॉपवर दाखवली तेव्हा मी माझी विसरूनच गेलो. दिवसभर सरळ, एकसारखी रेघ. भांडी घासताना सरळ, गच्चीवरच्या माकडांना हाकलताना सरळ. आणि दुपारी एकदम देवळाच्या कळसासारखी वर! रोज! त्या वेळेला घरात काय होतं, म्हणून मी विचार केला. त्या वेळेला घरात मी येतो.

दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं, माझे डोळे भरून आले. लेक सासरी नांदायला गेली, डोक्यावरचे केस गेले, आणि अजून मी आलो की बायकोच्या काळजात धडधड होते! मी हे मोंढ्यात सांगितलं. एकट्या चंद्रप्पा अडत्याला सांगणार होतो, पण त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्यांना कळलं. लोकांनी माझ्याकडून चहा घेतला. एका तरुण व्यापाऱ्यानं बाजूला घेऊन यामागचं रहस्य विचारलं, तर मी त्याला अत्तर लावावं, बायकोला अधूनमधून ज्ञानाच्या चार गोष्टी सांगाव्यात, असा बराच वेळ उपदेश केला.

पुढच्या रविवारी शिवानी आली तेव्हा मी तिला म्हटलं, या धडधडीवर एक स्वतंत्र प्रकरण लिही. तिनं उज्वलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळू आवाजात म्हणाली, “मामा, हे प्रेम न्हाई. मामी घाबरून राहिलीय.”

आता तुम्हाला आमच्या घरची पद्धत सांगतो. मला भाकरी तव्यावरून थेट ताटात लागते, टम्म फुगलेली. म्हणून मी दुपारी घराकडे वळताना देवळाच्या कोपऱ्यावरूनच स्कूटरचा हॉर्न वाजवतो, म्हणजे तवा तापायला लागतो. मी याला शिस्त समजत होतो, बायकोची सोय समजत होतो. इतर नवरे न सांगता येऊन टपकतात, मी आधी वर्दी देतो! शिवानीनं काय काढलं, तर हॉर्न ऐकला की उज्वला हातातलं सगळं टाकून पळते. आईशी फोनवर बोलत असेल तर फोन टाकते, न्हाऊन केस पुसत असेल तर ओल्या केसांनी परातीपुढं बसते. मी म्हटलं, याला पुरावा काय? तिनं एका दिवसाची रेघ दाखवली. सकाळी गॅसच्या टाक्या घेऊन येणाऱ्या गाडीनं कोपऱ्यावर तसाच हॉर्न वाजवला होता, आणि कळस तेवढाच उंच गेला होता. मी तेव्हा दुकानात होतो. म्हणजे त्या उडीत माझा असा वेगळा वाटा काहीच नव्हता. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

मी उज्वलाला विचारलं, इतक्या वर्षांत एकदाही बोलली का नाहीस?

ती म्हणाली, “बोलणार होते. तुम्ही पेपर वाचून राहिले होते.”

दुसऱ्या दिवशी ती घड्याळासकट मुखेडला माहेरी गेली. तिथं ठोके कसे पडतात ते बघू, असं ठरलं होतं आणि शिवानीनंही मान डोलावली होती. चार दिवसांचं बोलून गेलेली बाई अजून परतलेली नाही. तिथं ती भावाच्या शेतात तूर पाखडते, बाजाराच्या दिवशी बाजारभर हिंडते, लोणचं खाते, आणि तरी बीपी अगदी बरोबर! डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, गोळी वाढवायची गरज नाही, त्यांना तिथंच राहू द्या. वर्षभर मी घरातलं मीठ शोधून शोधून काढत होतो आणि खारट निघालो मी. दुपारी आता मी स्कूटर कोपऱ्यावर बंद करून ढकलत आणतो, पण ऐकायला घरात कुणी नाही. दाजी, मला भीती वाटते. ती भांडून गेली असती तर मी समजूत काढली असती. ती तिथं बरी आहे म्हणून राहिलीय, आता कोणत्या तोंडानं ये म्हणू?

तेव्हा वडील म्हणून तुम्ही शिवानीचा विषय बदलून द्या. विष्णुपुरीच्या धरणातले मासे मोजायला सांगा. माशांच्या संसारात तिला हवं ते काढू दे.

आपला,
हादरलेला रामलिंग

ता.क. वरचं शेवटचं शिवानीला बोलू नका, पोरगी खरं तेच सांगते आहे. मूळ विनंती अशी की तुम्ही मुखेडला जाऊन उज्वलाला घेऊन या. तुमचा शब्द ती मोडत नाही. आणि दारात गाडीचा हॉर्न वाजवू नका.

ता.क. दुसरा (मंगळवार सकाळ). पाकीट चिकटवायच्या आत उज्वलाचा फोन आला. शुक्रवारी एसटीनं स्वतःच येते म्हणाली. अट एकच, दुपारची भाकरी ज्याची त्यानं थापायची. मी आत्ताच एक थापून बघितली. ती परातीतून तव्यापर्यंतसुद्धा आली नाही. म्हणून तुम्ही मुखेडला जाऊ नका, शुक्रवारच्या आत बसम्माअक्काला शिकवायला इकडे पाठवा. तुम्ही सोबत येऊ नका, नाहीतर ती तुमच्याचसाठी भाकऱ्या थापत बसेल.

ता.क. तिसरा. तुम्ही हसत असाल, म्हणून हे सांगणं भाग आहे. अक्काच्या मनगटावर रविवारपासून विद्यापीठाचं घड्याळ आहे आणि तुमच्या अजून लक्षात आलेलं नाही, असं शिवानी म्हणते. तुम्ही दुकानातून परतताना जिन्याखालीच मोठ्यानं खोकता ना? त्याबद्दल शिवानीला तुमच्याशी जरा बोलायचं आहे.