पठारावरची बाई

दि. ९ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी

चि. खारूताईस, अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी दोनच ओळी. "दालन बंद होतंय असं ऐकलं. आईचा चेहरा मला पाठवा." बाकी तब्येत कशी, नोकरी काय, अवाक्षर नाही. माझ्यावरच गेलीस. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि घरमालक अजून तसाच खडूस आहे.

ऐकलंस ते खरं. संग्रहालयातलं आपलं खंडदालन सोमवारी उतरवणार. पुतळे ट्रकमध्ये घालून नेणार आणि फोडणार. संग्रहालयाच्या मॅडमकडे मी आईच्या पुतळ्याचं डोकं मागितलं, त्यांनी खळखळ न करता दिलं. म्हणाल्या, तुमच्याच हातचं आहे. खोकं तयार आहे. नुसतं खोकं पाठवून मोकळा झालो असतो, पण सोबत चार ओळी लिहिणं भाग आहे, आणि त्या लिहायला कालपासून बसतोय.

तुला गंमत आठवते ना? पाच काचपेट्यांत अख्खं खंड उभं केलं, आणि मी स्वतः या गावाच्या बाहेर दोनदा गेलो असेन. पुस्तकांतली चित्रं बघून वाळवंट रंगवलं, जंगल रंगवलं. माणसं कुठून आणणार? घरचीच धरली. पाच मिनिटं उन्हात उभं राहिलं की चक्कर येणारा तुझा मामा वाळवंटात मीठ विकणारा झाला. खालच्या मजल्यावरचा शिंपी, जो पाण्याला टरकायचा, तो खाडीवर जाळं टाकत होता. जंगलातला मध काढणारा म्हातारा मी, दाढी लावून. गवताळ प्रदेशात घोड्यावर तू. आणि पठारावर लोकर विंचरणारी बाई म्हणजे आई. सगळ्या खंडात आपलंच घराणं नांदत होतं! अकरा वर्षं शाळांच्या सहली आल्या आणि कुणाला पत्ता लागला नाही.

पत्ता लागला तो उन्हाळ्यात. खरोखरच्या पठारावरची एक म्हातारी लेकीसोबत आली. काचेला नाक लावून बराच वेळ उभी होती. मग मला बोलावून विचारलं, ही कोण? आमच्यात असा डोक्याचा रुमाल कुणी बांधत नाही, लोकर अशी कुणी धरत नाही. पुढे तिच्या लेकीने मॅडमना पत्र लिहिलं, मग खाडीकडच्या लोकांचं आलं, गवताळ भागातल्यांचं आलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, की हे आम्ही नव्हे. आधी माझं डोकंच फिरलं. मग विचार केला, कुणी माझा पुतळा म्हणून मामाचं तोंड काचेत ठेवलं असतं तर मी काय केलं असतं? त्यांचं बरोबर आहे.

पण ती म्हातारी आणखी एक बोलून गेली होती. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

आईच्या ओठांच्या डाव्या बाजूला एक ओढ आहे, गालापर्यंत गेलेली. तू ती पाहिली आहेस. खालच्या पाटीवर लिहिलं होतं, पठारावरच्या बोचऱ्या वाऱ्याने चेहऱ्यावर येणारा ताण. पाटी मीच सुचवली होती. उद्घाटनाला सगळ्यांनी त्या ताणाचंच कौतुक केलं, आणि मी मान डोलावत उभा होतो. म्हातारीने लेकीकडून पाटी वाचून घेतली आणि म्हणाली, "वाऱ्यात आम्ही तोंड गच्च मिटतो. ही बाई खोकला दाबतेय."

खारू, आता लिहितोच.

चेहऱ्याचा साचा घ्यायचा म्हणजे काय, तुला माहीत आहे. चेहऱ्याला व्हॅसलीन, नाकात दोन नळ्या, वरून ओलं प्लास्टर, आणि वीस मिनिटं पापणीसुद्धा हलवायची नाही. तुझ्या वेळी तू हसलीस आणि मला तीनदा करावं लागलं. आईचा साचा मी शुक्रवारी घेतला. उद्घाटनाला आठ दिवस होते, चार पुतळे झाले होते, पठाराची पेटी रिकामी. तिला बुधवारपासून ताप होता. डॉक्टरांनी छाती तपासून अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलं होतं. मी तिला उठवलं. वर्कशॉपच्या थंड फरशीवर सतरंजी टाकून झोपवलं. प्लास्टर धरायला लागलं आणि तिला उबळ आली. मी वरून म्हणालो, "हलू नकोस, परत करावं लागेल." ती हलली नाही. पुढची पंधरा मिनिटं तिने उबळ गिळली. साचा काढला तेव्हा ती निळी पडली होती, आणि मी आधी साचा बघितला.

दोन दिवसांनी, रविवारी, तुझी शर्यत होती. तू हट्ट केलास म्हणून ती मैदानावर वाऱ्यात दोन तास बसली. पुढच्या रविवारी ती गेली.

काल वाटलं, ती ओढ भरून टाकावी. अर्ध्या तासाचं काम. तुला आईचं शांत तोंड मिळालं असतं आणि मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. वाटीत प्लास्टर कालवलंही. हात पुढे होईना. वाटीतच त्याचा दगड झाला, वाटी टाकून दिली. रंग तेवढा खरवडून काढला आहे, तो तिचा नव्हता. बाकी जसं होतं तसं पाठवतोय. भरून घ्यायचं की नाही ते तू ठरव.

आईला पोचवून आलो त्या संध्याकाळी तू जिन्यात बसून मला विचारलंस, "बाबा, मी तिला मैदानावर नेलं नसतं तर?" चौदा वर्षांची होतीस. मला सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, "आता जाऊ दे ते." तू पळणं सोडलंस, मग माझ्याशी बोलणं सोडलंस, मग घर. मी समोर बसून बघत राहिलो, कारण तू स्वतःला दोष देत होतीस तोवर मला कुणी काही विचारत नव्हतं.

तू तिला नेण्याआधीच ती आजारी होती. तुझ्यामुळे ती गेली नाही. हे त्याच जिन्यात सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.

आशीर्वाद वर लिहून गेलो. माझा चालत नसेल तर खोडून टाक.

बाबा